बालोद्यानाचे जनक फ्रोबेल

आपली मुले ज्या बालवाडीत हसतखेळत जातात, तिची मूळ कल्पना फ्रीडरिख फ्रोबेल यांची. त्या थोर पुरुषाचा अल्प परिचय आम्ही ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहो.

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात २१ एप्रिल १७८२ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वर्ष पुरे होण्यापूर्वीच ते मातृसुखास अंतरले. पुढे अध्यापन करीत असता, लहान मूल खेळता खेळताच शिकते, हे त्यांच्या ध्यानी आले. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी शिशुशाळा काढली. १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. लोकरीचे रंगीत चेंडू आणि लाकडी ठोकळे हीच तेथील साधने. आठ ठोकळ्यांचा घन मोडता-जोडता अर्धे व पाव मुलांस आपोआप उमगे.

परंतु १८५१ साली प्रशियाच्या सरकारने नास्तिकतेचा ठपका ठेवून आपल्या राज्यात बालोद्यानांस बंदी केली. पुतण्याच्या मतांशी त्यांच्या मतांची गल्लत झाली होती. बंदी उठली १८६० मध्ये. ते पाहण्यास फ्रोबेल नव्हते. २१ जून १८५२ रोजीच ते निवर्तले होते. त्यांचे कार्य शिष्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, देशोदेशी नेले.

मुलाच्या हातचे खेळणे काढून पाटी देण्यापूर्वी पालकांनी या महात्म्याचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.