एडिसनपुढे न झुकलेला माणूस

५ डिसेंबर १९३० च्या संध्याकाळी बर्लिनच्या नोलेनडॉर्फ चौकातील मोत्सार्टझाल या चित्रपटगृहात खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात अंधारात दुर्गंधीच्या कुप्या फुटल्या. शिंका आणणारी पूड उधळली गेली, पांढरे उंदीर खुर्च्यांखालून धावू लागले, बायका किंचाळत बाहेर पडल्या. रीतसर तिकिटे काढून आत बसलेल्या नाझी कार्यकर्त्यांचा हा पराक्रम होता आणि त्याचा सूत्रधार होता पक्षाचा बर्लिनमधील प्रमुख जोसेफ गोबेल्स. पोलिसांना खेळ थांबवावा लागला.

पडद्यावर होता ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. एरिक मारिया रेमार्क यांच्या १९२९ मधील कादंबरीवरचा हा चित्रपट पहिल्या महायुद्धातील कोवळ्या जर्मन सैनिकांची होरपळ सांगतो. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन या दोन्हींसाठीची ऑस्कर पारितोषिके त्याला महिनाभरापूर्वीच मिळाली होती. तो काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीचे मालक कार्ल लेमली हे जन्माने जर्मनच होते. जर्मनीची बदनामी करणारा यहुदी, अशी त्यांची संभावना त्या आठवड्यात बर्लिनच्या रस्त्यांवर होत होती. त्यांच्या स्वतःच्या मनात मात्र जर्मनीविषयी ममतेखेरीज काही नव्हते. पुढे जे घडले त्याचे मूळ बऱ्याच अंशी या ममतेत आहे.

लेमली यांचा जन्म १७ जानेवारी १८६७ रोजी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात, लाउपहाइम या लहानशा गावी झाला. गावात यहुद्यांची मोठी वस्ती होती. आई वारल्यानंतर, १८८४ मध्ये, सतरा वर्षांचा कार्ल अमेरिकेच्या बोटीत बसला. पुढची वीस-बावीस वर्षे कोणत्याही सामान्य स्थलांतरिताची असतात तशीच गेली. शिकागोत पडेल ते काम, मग विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश गावात तयार कपड्यांच्या दुकानाची व्यवस्थापकी. एकोणचाळिसाव्या वर्षी, नोकरी सोडून शिकागोला परतल्यावर, हा ठेंगणा, हसतमुख गृहस्थ स्वतःचे दुकान काढण्यासाठी जागा शोधत होता. पाच सेंटांत हलती चित्रे दाखवणाऱ्या एका खोलीपुढची गर्दी त्याच्या नजरेस पडली आणि कपड्यांचा विचार मागे पडला. १९०६ मध्ये त्याने स्वतःचे चित्रपटगृह उघडले.

त्या काळी अमेरिकेतील चित्रपटधंदा थॉमस एडिसन यांच्या मुठीत होता. कॅमेरा आणि प्रक्षेपणयंत्राची पेटंटे एकत्र करून एडिसन व त्यांच्या सहकारी कंपन्यांनी १९०८ मध्ये मक्तेदार संघ स्थापला. संघाचे यंत्र, संघाची फिल्म, संघाचे शुल्क. त्याबाहेर कुणी चित्रपट काढायचाही नाही आणि दाखवायचाही नाही. १९०९ मध्ये लेमली संघातून बाहेर पडले आणि स्वतःचे चित्रपट काढू लागले. संघाने त्यांच्यावर खटल्यांचा वर्षाव केला. तीन वर्षांत २८९ खटले, असा आकडा त्यांच्या चरित्रांत येतो. वकिलांची बिले भागवता भागवता दुसरा एखादा मोडून पडला असता. लेमली वर्तमानपत्रांत संघाची टिंगल करणाऱ्या जाहिराती देत राहिले, संघाच्या पदरच्या नट्या पळवत राहिले. १९१२ मध्ये काही छोट्या निर्मात्यांना एकत्र आणून त्यांनी युनिव्हर्सल कंपनी उभारली. १९१५ मध्ये न्यायालयाने एडिसनचा संघ बेकायदा ठरवला तेव्हा ही लढाई त्यांनी जिंकलेलीच होती. त्याच वर्षी १५ मार्चला लॉस एंजलिसजवळ ‘युनिव्हर्सल सिटी’ हे चित्रनगर सुरू झाले.

या चित्रनगराच्या उद्‌घाटनाला तीन आठवडे उरले असताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्याच्या सेन्सॉर मंडळासंबंधीच्या खटल्यात एक निकाल दिला होता. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, विचारांचे साधन नव्हे. म्हणून वृत्तपत्राला जे स्वातंत्र्य आहे ते चित्रपटाला नाही, असा त्याचा आशय. हा निकाल १९५२ पर्यंत टिकला. म्हणजे हॉलिवूडच्या ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्याचा बहुतेक भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या छत्राबाहेर गेला. धंद्याला धंद्याचे कायदे लागतात, आणि धंदेवाला गिऱ्हाइकाला दुखवत नाही. गिऱ्हाईक परदेशी सरकार असले तरीही.

लेमलींना सगळे ‘अंकल कार्ल’ म्हणत. नातेवाइकांचा एवढा गोतावळा त्यांनी स्टुडिओत भरून ठेवला होता की तो हॉलिवूडच्या विनोदाचा विषय झाला. त्या गोतावळ्यातूनच पुढे विल्यम वायलरसारखा दिग्दर्शक निघाला, हेही खरे. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, युनिव्हर्सलने कैसरला हिंस्र श्वापद ठरवणारा चित्रपट काढला होता. जर्मन राष्ट्रवादी तो कधी विसरले नाहीत. पण युद्ध संपताच लेमलींनी उपासमार सोसणाऱ्या लाउपहाइमला मदत पाठवायला सुरुवात केली आणि १९१९ मध्ये गावाने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. नंतर एका रस्त्यालाही त्यांचे नाव दिले गेले. ते वारंवार गावी जात, पैसे वाटत, जुन्या ओळखी काढत.

१९२९ मध्ये त्यांनी स्टुडिओची सूत्रे एकवीस वर्षांच्या मुलाच्या, कार्ल ज्युनिअरच्या, हाती दिली. ‘ऑल क्वाएट’ ही त्या मुलाचीच निर्मिती. जर्मनीतील युद्धविरोधी लोक आपले आभार मानतील, अशी बापलेकांची समजूत असावी. ती सर्वस्वी चुकीची नव्हती. कादंबरी जर्मनीत प्रचंड खपली होती. पण सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझींनी १०७ जागा जिंकल्या होत्या आणि वारे फिरले होते. जर्मन सेन्सॉरसाठी काही प्रसंग आधीच वगळलेले असूनही, उंदरांच्या त्या प्रकारानंतर सहाच दिवसांनी, ११ डिसेंबरला, वरिष्ठ सेन्सॉर मंडळाने चित्रपटावर बंदी घातली. कारण दिले राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे. गोबेल्सला सत्ता मिळायला अजून दोन वर्षे होती. पण प्रजासत्ताकाच्या सरकारला रस्त्यावरून वाकवता येते, हे त्याला त्या आठवड्यात कळले.

येथवर लेमलींचा काही दोष नव्हता. त्यांनी बर्लिनच्या वृत्तपत्रांत जाहिरात देऊन आपला चित्रपट जर्मनीविरोधी नसल्याचे सांगितले आणि कुणी ऐकले नाही. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन निवडक संस्थांपुरत्या खासगी खेळांची वाट खुली झाली. मग ऑगस्ट १९३१ मध्ये युनिव्हर्सलने आणखी कात्री चालवलेली प्रत सादर केली. जर्मन परराष्ट्र खात्याने पाठिंबा देण्याची तयारी दाखवली, पण एक अट घातली: जर्मन सैन्याच्या प्रतिष्ठेला बाध आणणारे प्रसंग केवळ जर्मनीत नव्हे, तर जगात सर्वत्र गाळायचे. यापुढे कोणत्याही देशात मूळ प्रत दाखवायची नाही, बर्लिनने मान्य केलेलीच दाखवायची. कंपनीने ही अट मान्य केली आणि तशी सूचना आपल्या शाखांना देण्याचे कबूल केले. सप्टेंबरच्या आरंभी बंदी उठली. अटीचे पालन होते की नाही, याची खातरजमा जर्मन वकिलाती परदेशांत करीत राहिल्या.

सेन्सॉरपुढे मान तुकवणे त्या काळात नवे नव्हते. आपल्याकडे १९३० मध्येच कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने काढलेल्या शिवचरित्रावरील मूकपटाच्या ‘स्वराज्याचे तोरण’ या नावातील ‘स्वराज्य’ ब्रिटिश सेन्सॉरला खुपले आणि शांतारामबापूंना तो ‘उदयकाल’ या नावाने प्रदर्शित करावा लागला. पण तेथे राज्यच इंग्रजांचे होते. ‘प्रभात’पुढे पर्याय नव्हता. लेमलींवर जर्मनीचे राज्य नव्हते. जर्मन कायद्याचा हात जर्मनीच्या सीमेपर्यंतच पोचत होता. त्यापलीकडची कात्री लेमलींनी स्वतःच्या हाताने चालवली. एडिसनच्या २८९ खटल्यांना पुरून उरलेल्या माणसाने एका पत्रव्यवहारात हे मान्य करावे, याचे उत्तर केवळ जर्मन बाजारपेठेच्या हिशेबात शोधणे मला पुरेसे वाटत नाही. एडिसन हा त्यांचा प्रतिस्पर्धी होता. जर्मनी हे त्यांचे घर होते. घरच्या माणसांची समजूत काढावी, थोडे नमते घ्यावे, म्हणजे सारे पूर्ववत होईल, असा हिशेब माणूस घरातच करतो.

हिटलरबद्दल मात्र ते गाफील नव्हते. जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना पत्र लिहून बजावले होते की हा माणूस सत्तेवर आला तर हजारो निरपराध यहुद्यांचे प्राण धोक्यात येतील. तुमच्या वृत्तपत्रांनी आवाज उठवावा. हर्स्ट यांनी तेव्हा त्याकडे लक्ष दिले नाही. ज्या स्टुडिओच्या मालकाने हे पत्र लिहिले, तोच स्टुडिओ त्या वेळी जगभर बर्लिनला पटलेली प्रत दाखवण्यास बांधलेला होता. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी होत्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती.

१९३१ मध्ये एका कंपनीने मान्य केलेली अट १९३२ मध्ये जर्मनीचा नियमच झाली. परदेशी चित्रपटांच्या परवान्यांसंबंधीच्या नियमावलीत पंधरावे कलम आले: जी कंपनी जगात कुठेही जर्मनीच्या प्रतिष्ठेला हानिकारक चित्रपट दाखवील, तिला परवाना नाकारता येईल. वर्षभरात हिटलरकडे सत्ता गेली आणि हे आयते हत्यार त्याच्या हाती पडले. ‘ऑल क्वाएट’वर पुन्हा बंदी आली, दीड वर्षापूर्वीच्या तडजोडीची किंमत शून्य झाली. लॉस एंजलिसमधील जर्मन वाणिज्यदूत गेऑर्ग गिसलिंग स्टुडिओंना धमकीची पत्रे धाडू लागला. हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता अन्य राष्ट्रांच्या भावना दुखवू नका असे सांगतच होती, त्यामुळे त्याचे काम सोपे झाले. १९३३ मध्ये हिटलरविरोधी चित्रपटाचे एक लिखाण निर्मात्यांच्या संघटनेच्या दबावाखाली बारगळले. वॉर्नर ब्रदर्सने १९३४ मध्ये जर्मनी सोडली. एमजीएम, पॅरामाउंट आणि फॉक्स यांनी १९४० पर्यंत तेथील धंदा सांभाळला. रेमार्क यांच्याच पुढील कादंबरीवरील ‘द रोड बॅक’ १९३७ मध्ये तयार होत असताना गिसलिंगने त्यातील सुमारे साठ कलावंतांना आणि तंत्रज्ञांना व्यक्तिशः पत्रे पाठवली: यात काम कराल, तर तुमचे पुढचे चित्रपटही जर्मनीत बंद होतील. हे अतिच झाले आणि अमेरिकी सरकारला निषेध नोंदवावा लागला. तरीही युनिव्हर्सलने चित्रपटाला पुन्हा कात्री लावलीच.

पण त्या वेळी युनिव्हर्सल लेमलींची राहिली नव्हती. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनने तिजोरी काही काळ भरली. मंदीने आणि खर्चिक निर्मितीने ती रिकामी केली. कर्ज देणाऱ्यांनी १९३६ मध्ये सुमारे ५५ लाख डॉलरना कंपनी ताब्यात घेतली आणि बापलेक बाहेर पडले. लाउपहाइममधील रस्त्यावरची त्यांच्या नावाची पाटी तर नाझींनी आधीच उतरवली होती.

एकोणसत्तराव्या वर्षी रिकामे झालेल्या या माणसाने मग एकच काम धरले. अमेरिकेचा १९२४ चा स्थलांतर कायदा कडक होता. येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही, अशी हमी देणारे अमेरिकी नागरिकाचे प्रतिज्ञापत्र हवे असे. लेमली अशी प्रतिज्ञापत्रे देऊ लागले. प्रथम नातेवाइकांना, मग लाउपहाइमकरांना, मग ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते अशांना. प्रत्येक प्रतिज्ञापत्र म्हणजे एका कुटुंबाच्या उदरनिर्वाहाची कायदेशीर जबाबदारी. असे करीत त्यांनी तीनशेहून अधिक माणसांना अमेरिकेत आणले, असे मानले जाते. पुढे श्टुटगार्टमधील अमेरिकी वाणिज्य दूतावास त्यांच्या हमीपत्रांवर शंका घेऊ लागला. वय सत्तरीपुढचे, हमी शेकडोंची. हे गृहस्थ कुणाकुणाला पोसणार? १९३८ मध्ये लेमलींनी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहून यात लक्ष घालण्याची विनंती केली. परिचित धनिकांच्या मागे लागून त्यांनाही हमी द्यायला लावले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लाउपहाइमचे सिनेगॉग जाळले गेले.

१९३९ च्या वसंतात वॉर्नर ब्रदर्सने ‘कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय’ प्रदर्शित केला. नाझींना नाव घेऊन खलनायक ठरवणारा बड्या स्टुडिओचा हा पहिला चित्रपट. सत्तांतर होऊन तेव्हा सहा वर्षे उलटली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच नऊशेहून अधिक यहुदी निर्वासितांना घेऊन ‘सेंट लुइस’ हे जहाज क्युबाच्या बंदरातून परत फिरवण्यात आले. त्यांना आश्रय द्यावा म्हणून लेमलींनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना तार केली. जहाज युरोपला परतले.

पोलंडवर जर्मन फौजा चालून गेल्या त्याच महिन्यात, २४ सप्टेंबर १९३९ रोजी, कार्ल लेमली यांचे हृदयविकाराने निधन झाले. ज्यांना प्रतिज्ञापत्र मिळाले नव्हते किंवा मिळूनही ज्यांची पाळी आली नव्हती, असे काही लाउपहाइमकर तेव्हा गावातच होते. त्यांतले अखेरचे लोक १९४२ मध्ये रेल्वेने पूर्वेकडे नेले गेले.