एकट्याने वसवलेली चाळ : पु. ल. देशपांडे

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण जोगेश्वरी आणि पार्ले येथे गेले व शालेय शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. आजोबा वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ मराठी अभंगांत आणली होती. साहित्य आणि संगीत हे दोन्ही संस्कार पुरुषोत्तमाला घरातच लाभले.

तरुणपणी संसाराला हातभार लावण्यासाठी त्यांनी कारकुनी केली, गाण्याच्या शिकवण्या केल्या आणि शाळेत शिकवलेही. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका हे सारे त्यांनी एकट्याने सांभाळले. पुढे आकाशवाणीची नोकरी आणि ‘तुझे आहे तुजपाशी’सारखे नाटक यांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

परंतु त्यांचे खरे अनोखे सामर्थ्य १९६१ साली रंगमंचावर आलेल्या ‘बटाट्याची चाळ’ने दाखवले. एकपात्री विनोदाचे प्रयोग आज सर्वत्र होतात. त्या काळी मात्र एका माणसाने तिकीट लावून सबंध प्रयोग एकट्याने रंगवावा, ही मराठी रसिकांना नवलाचीच गोष्ट होती. पु. ल. उभे राहत आणि साठ बिऱ्हाडांची चाळ प्रेक्षकांसमोर नांदू लागे. आवाजाचा पोत बदलला की त्रिलोकेकर अवतरत, मान किंचित कलली की कोचरेकर मास्तर. चाळकऱ्यांच्या फजितीवर पोट धरून हसणारे सभागृह अखेरच्या चिंतनाशी येताच गंभीर होई, कारण तोवर ती माणसे आपलीच झालेली असत. पुलंच्या विनोदाने माणसाच्या विसंगतीवर बोट ठेवले, पण त्याला कधी हिणवले नाही. रत्नागिरीचा अंतू बर्वा असो किंवा विद्यार्थ्यांसाठी झिजलेले चितळे मास्तर असोत, त्यांच्याकडे पाहणाऱ्या नजरेत आधी माया होती. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकाला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे पद्मश्री, पद्मभूषण आणि महाराष्ट्र भूषण हे सन्मानही आले.

हशा आणि टाळ्यांतून आलेला पैसा पु. ल. आणि सुनीताबाई यांनी समाजालाच परत दिला. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले, ते त्यांच्या देणगीच्या आधाराने. वरोऱ्याच्या आनंदवनाशी त्यांचे नाते जिव्हाळ्याचे होते. आणीबाणीनंतर १९७७च्या निवडणुकीत या विनोदकाराने स्वातंत्र्याच्या बाजूने सभा गाजवल्या आणि निकालानंतर सत्तेच्या मागे न लागता तो आपल्या लेखणीकडे परतला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर शांतिनिकेतनात जाऊन ते विद्यार्थ्याच्या नम्रतेने बंगाली शिकले.

१२ जून २०००, म्हणजे विवाहाच्या ५४व्या वाढदिवशी, पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा आवाज मात्र ध्वनिफितींतून, मराठी माणूस जिथे जिथे गेला तिथे तिथे जात राहिला. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशभरातून आलेल्या माणसांनी वसलेल्या भिलाईसारख्या नगरीत या आवाजाचे मोल वेगळे आहे. इथे बाजारात, रस्त्यावर, खेळाच्या मैदानावर हिंदी चालते. मराठी टिकते ती घरात आणि शाळेत. व्याकरण पुस्तकातून शिकवता येते, पण कोकणी माणसाचा तिरकस हेल, पुणेकराचा ठसका किंवा नागपूरकराचा ऐसपैसपणा कोणत्याही धड्यात सापडत नाही. तो पुलंच्या कथनात सापडतो. विनोदाचा अनुवाद होता होता त्यातले हसू सांडून जाते. म्हणून महाराष्ट्राबाहेर वाढलेले मूल अंतू बर्वा ऐकताना कुणी न समजावता योग्य जागी हसते, तेव्हा मराठी त्याची झाली असे खुशाल समजावे. मराठी शाळेने साठ वर्षे चालवलेल्या खटाटोपाचे याहून आनंदाचे फळ दुसरे नसेल.