मांद्र्याचे भाऊ आणि आमची विज्ञानाची परीक्षा



पेडणे तालुक्यातील मांद्रे गाव आपल्यातील पुष्कळांना समुद्रकिनाऱ्यामुळे ठाऊक आहे. याच गावी १८२२ साली रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. तेच पुढे डॉ. भाऊ दाजी लाड या नावाने प्रसिद्ध झाले. मुंबईच्या राणीच्या बागेतील संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे. या अंकात त्यांचे चरित्र देण्यामागे आमचा एक हेतू आहे. सहावी ते आठवीच्या मुलांची विज्ञानातील प्रगती मोजावी कशी, हा प्रश्न दर परीक्षेला आमच्यापुढे उभा राहतो.

भाऊंच्या घरची परिस्थिती बेताची होती. मातीच्या बाहुल्या विकून संसार चाले. त्यांची हुशारी प्रथम दिसली ती बुद्धिबळाच्या पटावर. तो खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याविषयी वडिलांचे मन वळविले, आणि वडील त्याला घेऊन मुंबईस गेले. एल्फिन्स्टन संस्थेत भाऊ शिकले. बालहत्येच्या प्रथेवरील निबंधाला त्यांना बक्षीस मिळाले आणि त्याच संस्थेत ते शिक्षक झाले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ शिक्षकाचे पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव होते. पुढे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांची निवड झाली. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले.

परंतु आम्हांस मोठे वाटते ते त्यांचे एक काम. जुन्या वैद्यकग्रंथांतील औषधे त्यांनी डोळे मिटून मानली नाहीत, तशीच टाकूनही दिली नाहीत. ती रोग्यांवर वापरून पाहिली. कडू कवठाच्या बियांचे तेल त्यांनी कुष्ठरोगावर वापरले. मात्र या उपचाराची पूर्ण माहिती त्यांनी वेळेवर प्रसिद्ध केली नाही. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. १८७४ साली त्यांचे निधन झाले आणि ते काम अपुरे राहिले. पुढे १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवर अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने त्याच कुळातील झाडाच्या तेलापासून टोचून देता येईल असे औषध तयार केले.

गणितात उत्तर बरोबर असूनही पायऱ्या लिहिल्या नाहीत तर आपण गुण कापतो. विज्ञानाचेही तसेच आहे. करून पाहणे हा अर्धा भाग. कसे केले ते दुसऱ्याला पडताळता येईल असे लिहून ठेवणे हा उरलेला अर्धा.

आमची परीक्षा यातले काय मोजते? गेल्या वर्षी सातवीच्या बहुतेक मुलांनी लिटमसचे उत्तर पेपरात अचूक लिहिले. नंतर प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे लिंबाचा रस, चुन्याची निवळी आणि लिटमसच्या पट्ट्या ठेवल्या, तेव्हा कित्येक जण एकमेकांकडे पाहू लागले. दोष मुलांचा नव्हता. आम्ही पाठांतर मोजले आणि त्याला विज्ञानातील प्रगती समजलो.

म्हणून येत्या सहामाहीपासून या तीन वर्गांत लेखी पेपराबरोबर प्रात्यक्षिक आणि निरीक्षणवही यांनाही गुण राहतील. वहीत काय केले, काय दिसले आणि काय चुकले, तिन्ही लिहायचे. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे लिहिला तर गुण जाणार नाहीत; शेजाऱ्याची वही उतरवली तर जातील.

आरंभी निकाल थोडा खाली येईल, याची आम्हांस कल्पना आहे. त्या वेळी पालकांनी मुलाला किती गुण मिळाले एवढेच न विचारता त्याची वही उघडून पाहावी, आणि विश्वस्त मंडळींनी एक-दोन वर्षे धीर धरावा, अशी नम्र विनंती आहे. आणि मुलांनो, वहीचे पहिले पान याच आठवड्यात लिहायला घ्या.

— मुख्याध्यापक