दादाभाई नवरोजी आणि सरासरीचे गणित

हिंदुस्थानचे पितामह म्हणून दादाभाई नवरोजी सर्वांस ठाऊक आहेत; पण ते मुळात गणिताचे अध्यापक होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांचा जन्म 4 सप्टेंबर 1825 रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. चौथ्या वर्षीच पितृछत्र हरपले. माता माणेकबाईंनी कष्ट सोसून मुलास शिकविले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात गणित शिकविणारे पहिले हिंदी प्राध्यापक होण्याचा मान त्यांना मिळाला. 1855 साली ते व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले.

इंग्रजी राज्यात हिंदुस्थान संपन्न होत आहे, असे राज्यकर्ते सांगत. दादाभाईंनी पुरावा मागितला. तो मिळेना, तेव्हा सरकारी अहवालांतूनच त्यांनी 1867-68 सालचा हिशेब मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानचे एकूण उत्पन्न 340 कोटी रुपये, लोकसंख्या 17 कोटी. म्हणजे माणशी वर्षाला अवघे 20 रुपये! आपला धारवाड जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात होता. तेव्हा आपल्या पूर्वजांचे दारिद्र्यही त्या आकड्यात आले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही त्यांनी या आकड्याशेजारी ठेवला, तेव्हा ऐकणारे चकित झाले.

हे करताना त्यांना सरकारी सरासरीत एक दोष आढळला. जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे नुसते मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागीत. जमीन कोठे किती, हे पाहात नसत. विद्यार्थी मित्रहो, समजा एका गावी 900 एकरांत एकरी 4 मण धान्य पिकते आणि दुसऱ्या गावी 100 एकरांत एकरी 12 मण. नुसती सरासरी 8 मण येईल. परंतु एकूण धान्य 4,800 मण आणि जमीन 1,000 एकर; म्हणजे खरी सरासरी 4.8 मणच! कागदावर सुबत्ता, कोठारात मात्र टंचाई.

1882 साली सरकारी हिशेबाने माणशी उत्पन्न 27 रुपये ठरविले. दादाभाईंनी त्याचा तपशील मागितला. तो त्यांना नाकारण्यात आला. 1901 साली लॉर्ड कर्झन यांनी ते 30 रुपये झाल्याचे सांगून प्रगतीचा दाखला दिला. पण 20 आणि 27 यांतील अंतरापैकी खरी वाढ किती आणि मोजण्याच्या पद्धतीतील फरक किती, हेच जेथे सांगता येत नव्हते, तेथे तीन रुपयांच्या वाढीचा भरवसा कसा धरावा? पिकाचा उतारा बहुधा नजरअंदाजाने ठरे, आणि धान्याच्या भावातही चढउतार होई. मापातील चूक वाढीहून मोठी असेल, तर देश पुढे गेला की मागे, हे त्या मापाने ठरत नाही.

दादाभाईंचा हिशेबही निर्दोष नव्हता. त्यांनी शेती, खाणी, कारखाने यांचे उत्पन्न धरले. व्यापार, वाहतूक, नोकरी यांतील कमाई धरली नाही. म्हणून त्यांचा आकडा कमी आला, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले. परंतु ते दाखविता आले, याचे कारण दादाभाईंनी आपले गणित पायरीपायरीने छापून सर्वांपुढे ठेवले होते.

1892 साली ते इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद झाले. तीनदा राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. 30 जून 1917 रोजी त्यांनी देह ठेवला. नुसते उत्तर सांगू नये, रीतही दाखवावी, हा वर्गातला धडा त्यांनी साम्राज्यालाही शिकविला. परीक्षेच्या वहीत उत्तराखाली रेघ ओढण्यापूर्वी आपणही तो आठवावा.