श्रीमहाराजांच्या पायी प्रवासाचा हिशोब

मार्गशीर्ष जवळ आला की आमच्या देवळात दरवर्षी एकच विषय निघतो. यंदा वाडीला पायी जायचं का? मग कुणीतरी वही काढतो आणि माणशी किती पडतील ते मांडायला बसतो. सामानाचा टेम्पो, स्वयंपाकी, मुक्कामाचं भाडं, परतीची गाडी. आकडा फुगत जातो, वही मिटते, आणि दत्तजयंती येऊन निघूनही जाते. अशा वेळी प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी महाराज, यांची हटकून आठवण होते. संन्यास घेतल्यापासून समाधीपर्यंत तेवीस वर्षं महाराज पायी हिंडले, तेही द्रव्याला न शिवता. ते त्यांना जमलं कसं, हे चमत्कार बाजूला ठेवून एकदा बघावं असं फार दिवस मनात होतं.

महाराजांचा जन्म १८५४ साली, श्रावण वद्य पंचमीला, सावंतवाडीजवळच्या माणगावी झाला. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घर दत्तभक्ताचं, पण पैशानं बेताचं. वडिलांचं मन गाणगापुरात रमलेलं असल्यानं घरचा भार लहान वयातच वासुदेवशास्त्र्यांच्या अंगावर आला. वेदाध्ययन झालं, ज्योतिषाचा व्यासंग झाला, एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी लग्न झालं. पुढे दत्तप्रभूंची ओढ लागली ती नृसिंहवाडीला घेऊन गेली. माणगावाहून वाडी म्हणजे सह्याद्रीचा घाट चढून देशावर यायचं. आजच्या रस्त्यानंही हे अंतर दीडशे किलोमीटरच्या वर भरतं. तेव्हा गाठीला फार पैसे नव्हते, गरजही फारशी नव्हती. वाटेत ब्राह्मणाचं घर, नाहीतर देऊळ. एवढ्यावर माणूस आठवडाभर चालू शके.

वाडीहून परतताना कागलला दत्तमूर्ती मिळाली आणि १८८३ मध्ये माणगावी दत्तमंदिर उभं राहिलं. सात वर्षं तिथं सेवा झाली. लोकांची रीघ लागली होती, आता कुठं संसाराला स्वस्थता आली असती. पण आज्ञा झाली आणि महाराज अन्नपूर्णाबाईंना घेऊन घराबाहेर पडले.

या दोन वर्षांकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. संन्याशाचं चालणं आपण कौतुकानं वाचतो. पण १८८९ ते १८९१ या काळात एक गृहस्थ आणि त्याची पत्नी गावोगाव चालत होती. बाईमाणूस बरोबर असलं की मुक्कामाची जागा वेगळी बघावी लागते, पाण्याची सोय बघावी लागते, दुखण्याखुपण्याला थांबावं लागतं. गोदावरीकाठी गंगाखेडला आले असता अन्नपूर्णाबाई आजारी पडल्या आणि १८९१ च्या वैशाखात तिथंच त्यांनी देह ठेवला. महाराजांच्या प्रवासाचा हिशोब मांडायचा तर ही नोंद वगळता येत नाही. उत्तरक्रिया आटोपली आणि चौदाव्या दिवशी त्यांनी संन्यास घेतला. पुढे उज्जैनला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला.

आता ओझं बघा. दंड, कमंडलू, कौपीन, छाटी, पूजेची दत्तमूर्ती आणि पोथ्या. संपलं. जेवण म्हणाल तर दुपारची भिक्षा, तीसुद्धा नेमाच्या घरीच. झोळीत आलेलं अन्न नदीच्या पाण्यात बुडवून त्याची चव घालवायची, गाईचा आणि जळातल्या जीवांचा वाटा काढायचा आणि उरलेलं घ्यायचं, असं चरित्रांत वाचायला मिळतं. वाहनात बसायचं नाही. रेल्वे तेव्हा देशभर पसरली होती, भक्त तिकीट काढायला एका पायावर तयार होते. तरी नाही.

पण नुसतं ओझं कमी असून भागत नाही. महाराजांच्या चातुर्मासांची यादी नकाशावर बोट ठेवून वाचली की खरी आखणी दिसते. १९०७ चा चातुर्मास तंजावरला, कावेरीकाठी. १९०८ चा मुक्त्यालाला, आंध्रात कृष्णाकाठी. १९०९ चा पवनीला, आपल्या भंडाऱ्याकडे वैनगंगेवर. १९१० चा हावनूरला तुंगभद्रेवर आणि १९११ चा कुरवपूरला, पुन्हा कृष्णेत. पाचही ठिकाणं नदीवरची. स्नान, संध्या, पिण्याचं पाणी, भिक्षेला वस्ती, हे सगळं नदीकाठी आपसूक मिळतं. आडरानात पाण्यासाठी वणवण करावी लागत नाही, काठाकाठानं चाललं की वाटही चुकत नाही.

तंजावर ते मुक्त्याला नकाशावर सरळ रेघ ओढली तरी साडेसहाशे किलोमीटरच्या वर जाते. पवनी ते हावनूर साडेसातशेच्या वर. प्रत्यक्ष वाट वळणावळणाची, म्हणजे हजाराच्या घरात धरा. आकडा ऐकून छाती दडपते. पण एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आठ-नऊ महिने हाती असतात. भागून पाहिलं तर दिवसाला सरासरी चार किलोमीटरसुद्धा पुरे. एखाद्या गावी भक्तांनी ठेवून घेतलं तर पंधरा दिवस राहावं, पुढे पुन्हा चालू लागावं. आपल्या वहीतला आकडा फुगतो तो घाईनं, हे मला इथं कळलं. पाच दिवसांत पोचून सहाव्या दिवशी दुकानात हजर व्हायचं असलं की टेम्पो लागतो, आचारी लागतो.

पावसाळ्यात मात्र एका जागी बसायचं. शास्त्राचा नेम तर खराच, पण व्यवहारही तोच सांगतो. ओढे चढलेले, वाटा बुडालेल्या. आपल्या वाडीला तर कृष्णामाई पादुकांवरच येते.

हे सगळं धडधाकट माणसानं केलं असतं तरी नवल होतं. महाराजांना संग्रहणीचा विकार होता आणि तो सुटला नाही. तंजावरला गेले तेव्हा पन्नाशी उलटली होती. ज्या माणसाच्या पोटात अन्न टिकत नाही तो दिवसातून एकदा मिळेल त्या भिक्षेवर चालतोय, वाटेत ग्रंथ लिहितोय, दूरदूरच्या भक्तांना पत्रं पाठवतोय. आपण रोज आरतीनंतर म्हणतो ती करुणात्रिपदी १९०५ साली वाडीला झाली. अठरा अक्षरी दिगंबरा मंत्र मिळाला तो १९११ च्या कुरवपूरच्या मुक्कामात. दोन्ही या पायपिटीतच झाली.

इथं एक गोष्ट बोलून टाकतो. महाराज पैशाला शिवत नसत म्हणून आपणही खिसा रिकामा ठेवून निघावं, असं काही मंडळी उत्साहानं म्हणतात. ते मला पटत नाही. भिक्षा हा संन्याशाचा अधिकार. पेन्शन खाणाऱ्या गृहस्थांनी पंधरा जणांचा जथा घेऊन गावातल्या एखाद्या घरी दत्त म्हणून उभं राहायचं, म्हणजे त्या माउलीच्या डब्यावर डल्ला मारणंच झालं. गाणगापुरात पाच घरी माधुकरी मागतो ती तिथल्या क्षेत्राची रीत आहे, वाटखर्च वाचवायची युक्ती नव्हे. वाडीला महाप्रसाद मिळतो, तिथंही घरी जेवलो असतो तेवढे तरी पेटीत टाकावे. बाकी महाराजांचं पुष्कळ घेण्यासारखं आहे. आपापल्या पाठीवर पेलेल एवढंच सामान, देवळात नाहीतर शाळेत मुक्काम, पण तिथं एकानं आधी जाऊन विचारून ठेवायचं. आणि साठीच्या माणसानं दिवसाला चार कोसांच्या वर जाऊ नये. कुणाचं पोट बिघडलं, पाय सुजला, तर एक दिवस थांबायचं आणि त्या दिवसाचा खर्च आधीच धरून ठेवायचा.

कुरवपुरानंतर महाराज पुन्हा नर्मदेकडे वळले. १९१३ चा चातुर्मास गरुडेश्वरला झाला. तिथून ते पुढे गेले नाहीत. तब्येत फार खालावली होती. आषाढ शुद्ध प्रतिपदेला, २४ जून १९१४ रोजी, पुढचा पावसाळा तोंडावर आलेला असताना, नर्मदेच्या काठी त्यांनी देह ठेवला. दंड, कमंडलू, छाट्या, पोथ्या. मागं ठेवायला याहून फारसं काही नव्हतं.