अंड्याची कड पाहणारा माणूस

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक तुम्हाला विनोबांचं जन्मगाव म्हणून माहीत असेल. तिथल्या, किंवा कोकणातल्या कुठल्याही गावातल्या आजीला विचारा, खुडूक कोंबडीखाली कुठली अंडी ठेवायची? ती सांगेल, ताजी. शिळ्या अंड्यातून पिल्लू निघेलच असं नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला एक शास्त्रज्ञ लॅबमध्ये हाच हट्ट धरून बसला होता. त्याची अंडी समुद्री प्राण्यांची होती, पण मुद्दा जवळचाच. अंडंही म्हातारं होतं.

त्याचं नाव अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. जन्म 1883, चार्ल्सटन. वर्ण काळा. वडील लहानपणीच गेले, आई शिक्षिका. ती गेली तेव्हाही हा पोरगा घरापासून लांब शिकत होता. 1907 मध्ये तो डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला आणि 1916 मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएचडी मिळवली. त्याच वर्षापर्यंत बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे आपल्याच जिल्ह्यात, महाडला, तळ्याच्या पाण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला. तिकडे जस्टचीही वाट अशीच अडवलेली होती. एवढी पीएचडी असून गोऱ्यांच्या एकाही मोठ्या संशोधन विद्यापीठानं त्याला नोकरी दिली नाही. तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवायचा आणि उन्हाळ्यात वुड्स होलच्या समुद्रकिनारी जाऊन अंडी तपासायचा. असे जवळपास वीस उन्हाळे.

तेव्हा बहुतेकांचं लक्ष पेशीच्या मधोमध, केंद्रकाकडे होतं. जस्ट म्हणाला, कडेकडे बघा. शुक्राणू अंड्याला भिडला की त्या जागेपासून बदलाची एक लाट अंड्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाते आणि दुसऱ्या शुक्राणूला दार बंद होतं, हे त्यानं 1919 मध्ये मांडलं. त्यासाठी अंडी ताजी आणि नीट हाताळलेली हवीत, नाहीतर निष्कर्षच चुकतो, यावर तो अडून असायचा.

त्या कडेच्या थरात ॲक्टिनचे बारीक धागे असतात, हे आज आपल्याला कळलंय. धागे आणि सूक्ष्म नळ्या मिळून पेशीचा सांगाडा बनतो. बीजांड पक्व होताना याच नळ्या गुणसूत्रांची वाटणी करतात आणि अर्धी कडेनं बाहेर टाकली जातात. बाईच्या शरीरात बीजांडं तिच्या जन्माआधीपासून असतात, कित्येक वर्षं थांबून राहतात. वय वाढतं तशी ही वाटणी चुकण्याची शक्यताही वाढते. आयव्हीएफच्या डॉक्टरांसमोरचा मोठा प्रश्न हाच आहे.

अमेरिकेला कंटाळून जस्ट युरोपात गेला. पेशीच्या पृष्ठभागावरचं त्याचं पुस्तक 1939 मध्ये आलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये नाझींनी त्याला काही काळ कैदेत ठेवलं. सुटून मायदेशी परतला, पण कॅन्सरनं 1941 मध्ये, वयाच्या 58व्या वर्षी गेला. 1996 मध्ये त्याच अमेरिकेनं त्याच्या नावाचं तिकीट काढलं.

पुढच्या प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये पेशीची आकृती काढाल, तेव्हा कड एका रेघेत उरकू नका. जस्टनं अख्खं आयुष्य त्या रेघेला दिलंय.