विश्लेषण : यवतमाळच्या पाण्यातले फ्लोराइड आणि फ्लोरीन मोकळा करणारे म्वासाँ

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी भागातील काही बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळते. त्यातून फ्लोरोसिस होतो. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, मोठ्यांचे सांधे आखडतात. एकदा हाडांत शिरलेले फ्लोराइड सहजी निघत नाही. फ्लोरीनची ही पकड किती घट्ट आहे, हे सर्वात जवळून अनुभवले ते आंरी म्वासाँ यांनी.

औषधाच्या दुकानातून प्रयोगशाळेत

म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रेल्वे कंपनीत नोकरीला होते, आई शिवणकाम करायची. विद्यापीठ प्रवेशासाठी लागणारे प्रमाणपत्र न मिळवताच १८७० मध्ये त्यांची शाळा सुटली आणि ते एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करू लागले. राहिलेली परीक्षा १८७४ मध्ये दिली, १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८८२ मध्ये लग्न झाले. औषधविक्रेते असलेल्या सासऱ्यांनी आर्थिक भार उचलला, म्हणून पोटापाण्याची चिंता न करता संशोधन करता आले.

फ्लोरीन कोणाच्याच हाती का लागत नव्हता?

आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना अणुकेंद्रकावरचा धनप्रभार वाढतो, पण नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात. त्यामुळे अणू लहान होतो आणि इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद वाढते. वरून खाली जाताना कवचे वाढतात, ओढ घटते. म्हणजे निष्क्रिय वायूंचा शेवटचा रकाना सोडला तर सर्वाधिक ओढ उजव्या वरच्या कोपऱ्यात. तिथे फ्लोरीन बसतो. पॉलिंग यांच्या मापनानुसार विद्युतऋणता फ्लोरीनची ३.९८, क्लोरीनची ३.१६, ब्रोमीनची २.९६, आयोडीनची २.६६.

क्लोरीन ब्रोमीनला त्याच्या क्षारातून हुसकावतो, ब्रोमीन आयोडीनला. फ्लोरीनला हुसकावणारे मूलद्रव्यच नाही. उरली फक्त वीज. पण हायड्रोफ्लोरिक आम्ल ओलसर असेल तर फ्लोरीनऐवजी ऑक्सिजन निघतो, आणि अगदी कोरडे असेल तर त्यातून वीजच वाहत नाही. शिवाय ते जीवघेणे विषारी. बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निकलेस या शोधात प्राणाला मुकले.

म्वासाँ यांनी कोरड्या आम्लात पोटॅशियमचा फ्लोराइड क्षार विरघळवला. त्याने वीज वाहू लागली. यू आकाराची नळी प्लॅटिनम-इरिडियमची होती, तापमान उणे ५० अंशांच्या आसपास. बुचे फ्लोरस्पारची, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडची. ज्याचे पोट आधीच फ्लोरीनने भरले आहे, त्याला फ्लोरीन आणखी काय करणार? २६ जून १८८६ रोजी धनाग्रावरच्या वायूत सिलिकॉन धरताच ते पेटले.

पुढचा प्रसंग गमतीचा. विज्ञान अकादमीची समिती खात्री करायला आली आणि प्रयोग फसला. पाहुण्यांसाठी आम्ल इतके शुद्ध केले होते, की त्यात क्षाराचा अंशच उरला नव्हता! क्षार घातल्यावर दुसऱ्या दिवशी प्रयोग यशस्वी झाला.

आवर्ती कल मात्र सगळीकडे सरळ चालत नाही. फ्लोरीनच्या दोन अणूंमधला बंध क्लोरीनपेक्षा मजबूत असावा असे वाटते, प्रत्यक्षात तो कमकुवत आहे. अणू इतके लहान, की त्यांचे इलेक्ट्रॉन दाटीत एकमेकांना ढकलतात. म्हणूनच फ्लोरीन वायू चटकन तुटतो आणि समोर येईल त्याला धरतो.

पुढे म्वासाँ यांनी विजेची भट्टी बनवली. तिच्यात हिरे बनवल्याचा त्यांचा दावा टिकला नाही, पण अशनीत त्यांना सापडलेले सिलिकॉन कार्बाइड आज मॉइसनाइट नावाने सराफाकडे मिळते, अर्थात कारखान्यात बनवलेले. १९०६ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांचेही नाव त्या वर्षी चर्चेत होते. मेंडेलीव्ह २ फेब्रुवारी १९०७ रोजी गेले, म्वासाँ त्याच महिन्याच्या २० तारखेला.

यवतमाळशी संबंध काय?

हाडे आणि दात कॅल्शियमच्या ज्या खनिजाचे असतात, त्यातल्या हायड्रॉक्सिलची जागा जवळपास त्याच मापाचे फ्लोराइड घेते आणि अधिक घट्ट बसते. जमिनीखालीही कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला बांधून ठेवते, कमी असेल तर फ्लोराइड पाण्यात मोकळे राहते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते, दुसरा स्रोत नसेल तर १.५. पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते. नागपूरच्या नीरीने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात. तुरटीतले ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून गाळासोबत तळाशी बसते आणि वरचे पाणी पिण्यासाठी काढून घेतात.